'लष्कर' : एका शब्दाचा मुक्काम

'लष्कर' म्हणजे सैन्य, एवढा अर्थ सांगून आपण अध्यापक बहुधा पुढे जातो. ग्वाल्हेरच्या माधवगंजात वाढलेल्या मराठी मुलास मात्र हा अर्थ अपुरा वाटावा. त्याच्या लेखी लष्कर हे शहराचे नाव असून माधवगंज हा त्या शहराचा एक भाग आहे.

शब्द मूळचा फारसी. मराठी राज्यातील 'सरलष्कर' या पदनामात त्याचा सैन्य हाच अर्थ आहे. पोर्तुगीजांच्या द्वारे तोच शब्द युरोपीय जहाजांवर पोहोचला आणि 'लास्कर' या रूपाने भारतीय खलाशाचा वाचक झाला. परंतु सैन्याच्या अर्थाला लागूनच सैन्याचा तळ हाही अर्थ नांदत होता. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. मराठ्यांचा तळ म्हणजे केवळ शिपाईगडी नव्हेत. बाजार, सावकार, कारागीर आणि कुटुंबकबिला हे सारे त्यात येई. राहुट्यांची घरे झाली, तळाचे नगर झाले. नाव मात्र तेच राहिले.

पुण्यातही लष्कर आहे. पण ते १८१८ नंतर इंग्रजांनी वसविलेल्या छावणीचे नाव. म्हणजे पुणेकरांचे लष्कर परक्यांचे, तर ग्वाल्हेरकरांचे घरचे. ग्वाल्हेरात इंग्रजांची छावणी पडली ती मुरारला, आणि १८८६ साली मुरार शिंद्यांकडे परत आले. शब्द एकच, पण तळ कोणाचा, यावर त्याच्याविषयीचा भाव ठरला.

'लष्करच्या भाकऱ्या भाजणे' हा वाक्प्रचार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 'लष्कराच्या' असेही म्हणतात. परंतु 'लष्करच्या' हे रूप 'घराच्या' या रूपासारखे चालत नाही, 'नाशिकच्या', 'ग्वाल्हेरच्या' या स्थलनामांसारखे चालते. एवढ्यावरून निर्णय देणे धाडसाचे होईल. तथापि बोलणाऱ्याच्या मनात सैन्यापेक्षा तळ, म्हणजे जागा, असावी असे आम्हांस वाटते. अनोळखी तोंडांसाठी चूल पेटते ती तळावरच.

माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा. अशा कोशांनी शब्दांचे माहेर दाखविले, हे त्यांचे ऋण थोर आहे. परंतु शब्दाचा संसार सासरी होतो, आणि मराठीचे सासर एकट्या महाराष्ट्रात नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर येथील मराठी घरांत शब्दांना जे अर्थ लाभले, ते बोलणारी पिढी आहे तोवरच टिपून ठेवता येतील. यापुढील कोशात 'लष्कर' या शब्दापुढे सैन्य, तळ आणि नगर असे तीनही अर्थ कालक्रमाने व स्थळनिर्देशासह यावेत, आणि ते काम अकादमीने अंगावर घ्यावे. हे काम लष्करच्या भाकऱ्या खचित ठरणार नाही.