मधली माघार

डावीकडे ८.
उजवीकडे २.
डावीकडे ८.

एवढाच मजकूर. हिताचीच्या एसएच-२ प्रोसेसरसाठी जीसीसी हा कंपायलर १४ घरांची डावी शिफ्ट या तीन इन्स्ट्रक्शनमध्ये बसवतो. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या सेगा सॅटर्न या गेम कन्सोलमध्ये हे प्रोसेसर जोडीने होते. एसएच-२ची प्रत्येक इन्स्ट्रक्शन अवघ्या १६ बिटांची आणि तयार शिफ्ट चारच: १, २, ८ आणि १६ घरांच्या. १४ हवी असेल तर जुळवाजुळव करणं आलं. ८, २, २, २ अशा सरळ बेरजेला चार इन्स्ट्रक्शन लागतात. जीसीसी दोनदा ८ पुढे जातो, वाटेत २ मागे येतो आणि तिनांत काम उरकतो.

बेरीज कोणीही जुळवेल. खरी करामत क्रमात आहे. रजिस्टर ३२ बिटांचं. कडेबाहेर पडलेला बिट गेला तो गेला, रिकाम्या जागी शून्य येतं. माघार आधीच घेतली तर संख्येचे सर्वांत खालचे दोन बिट उजवीकडून गळतात. शेवटी घेतली तर तोवर वरचे १६ बिट गेलेले असतात. जायला हवे होते १४च. मागे सरून जागा परत मिळते, बिट मिळत नाहीत.

मधोमध मात्र सगळं जमून येतं. पहिल्या शिफ्टने जे बिट गेले, ते जाणारच होते. उजव्या टोकाला आता आठ शून्यं आहेत. मागे येताना त्यांतलीच दोन पडतात. डाव्या टोकाला दोन खोटी शून्यं शिरतात खरी, पण शेवटची शिफ्ट त्यांना बाहेर ढकलते. मूळचे खालचे १८ बिट आपापल्या जागी पोचतात, एकही न हरवता.

६ घरांच्या शिफ्टलाही असाच मोह पडतो: ८ पुढे, २ मागे, तीनऐवजी दोनच इन्स्ट्रक्शन. पण इथे ती खोटी शून्यं घालवायला पुढची शिफ्टच नाही. म्हणून अशा जोड्यांसाठी जीसीसीने वेगळा तक्ता ठेवला आहे. वरच्या बिटांची पुढे गरजच नसेल, तेव्हाच त्याला हात लावायचा; एरवी मुकाट्याने २, २, २.

एक इन्स्ट्रक्शन वाचली म्हणजे दोन बाइट वाचले. तेवढ्यासाठी कोणीतरी बिटाबिटाचा हिशेब इतका चोख ठेवला आणि जिथे तो जुळत नव्हता तिथे काटकसर नाकारली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.