शस्त्रक्रियेची ‘तारीख’ : एका गणिती विचाराची चिकित्सा

रुग्णालयीन वेळापत्रकांच्या गणिती अभ्यासाला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये ब्रिटनमधील बाह्यरुग्ण विभागांच्या रांगांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांचा रिकामा वेळ व रुग्णांची प्रतीक्षा यांचा मेळ घालणे, हा त्यांचा विषय होता. शस्त्रक्रियांच्या नियोजनातही पुढे असाच ताळेबंद मांडला गेला. या विचाराचे सामर्थ्य निर्विवाद आहे. त्याची परिभाषा मात्र तपासून घेतली पाहिजे.

शस्त्रक्रिया किती वेळ चालेल आणि रुग्णाला खाट किती दिवस लागेल, हे आधी निश्चित सांगता येत नाही. १० खाटा व सरासरी ४ दिवसांचा मुक्काम धरला, तर केवळ सरासरीवर विसंबणारा नियोजक दोन दिवसांत ५ शस्त्रक्रिया ठरवील. येथेच तो फसतो. एका खाटेच्या सर्वांत साध्या प्रतिमानात खाट ८० टक्के काळ व्यापलेली असता सरासरी प्रतीक्षा सरासरी मुक्कामाच्या ४ पट होते. ९५ टक्क्यांस ती १९ पट होते. खाटा अधिक असल्यास हे प्रमाण सौम्य होते, पण दिशा तीच राहते. म्हणून रिकामी खाट ही उधळपट्टी नव्हे. ती अनिश्चिततेसाठी केलेली तरतूद होय.

उणीव आहे ती ‘रद्द’ या संज्ञेत. पुष्कळ प्रतिमानांत रद्द शस्त्रक्रियेवर एकच दंड आकारला जातो. मग रुग्ण सोलापूर शहरातला असो वा अक्कलकोटपलीकडील मैंदर्गीचा. मैंदर्गीकराच्या बाबतीत एस. टी.चे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि व्यर्थ गेलेला उपास हे सारे त्या दंडाबाहेर राहते. या सीमावर्ती गावात मराठी व कन्नड दोन्ही नांदतात, आणि मूळ अरबी ‘तारीख’ दोन्ही भाषांत रूढ आहे. मराठीत तारीख ‘दिली’ जाते, ‘मिळते’. ही क्रियापदे वचनाची आहेत. प्रतिमानात मात्र तारीख ही केवळ बदलती राशी ठरते.

यावर उपाय गणिताच्या कक्षेतच आहे. दंड ठरविताना अंतर व पूर्वीच्या तहकुबींची संख्या विचारात घ्यावी. दूरच्या रुग्णाची तारीख राखून ठेवावी. आणि अकस्मात मोकळ्या झालेल्या खाटेसाठी जवळच्या इच्छुक रुग्णांची निराळी यादी करावी. जवळच्यांना यात अवाजवी अग्रक्रम मिळेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दूरच्यांच्या प्रतीक्षेलाही कमाल मर्यादा हवी. कार्यक्षमतेचे मोजमाप शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थांबले, तर वचनभंगाची किंमत हिशेबात कधीच येणार नाही.