'सांगत्ये ऐका' : सांगणारी आणि ऐकणारे

नटींच्या आत्मकथनांची मराठीतील चर्चा बहुधा 'प्रांजळपणा' या एकाच निकषाशी येऊन थांबते. हंसा वाडकर (१९२३-१९७१) यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) या पुस्तकाच्या वाट्याला तर हा शब्द इतक्या वेळा आला की संहितेच्या घडणीकडे दुर्लक्षच झाले. प्रांजळपणा हा व्यक्तीचा गुण आहे. तो साहित्यकृतीचा विशेष कसा होतो, हा खरा प्रश्न आहे.

हे आत्मकथन लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. त्याचे शब्दांकन अरुण साधू यांचे. साहजिकच निवेदनातील 'मी' एकटीचा राहत नाही. शांता आपटे यांच्या 'जाऊ मी सिनेमात?' (१९४०) या पुस्तकाशी तुलना केली, तर हा फरक स्पष्ट होतो. तेथे नटी चित्रव्यवसायाविषयी युक्तिवाद करते; येथे ती घटना पुढे ठेवते आणि निष्कर्ष टाळते. कोवळ्या वयात घरासाठी कमवायला लागलेल्या, पुढे गृहस्थी जीवनाची ओढ बाळगणाऱ्या या स्त्रीला ते घर अखेरपर्यंत मिळत नाही. पण हा विरोधाभास ती स्वतः उलगडून दाखवत नाही. तो जोडून घेण्याचे काम वाचकावर पडते.

शीर्षकही तिचे एकटीचे नाही. ते अनंत माने यांच्या १९५९च्या गाजलेल्या तमाशापटाचे. बोर्डावरून श्रोत्यांना घातलेली साद येथे साक्षीचे रूप घेते. पण वाचक मात्र प्रेक्षकाच्या जागेवरून उठेलच, याची खात्री नसते. प्रांजळपणाचे कौतुक हा त्या प्रेक्षकपणाचाच एक सभ्य प्रकार असू शकतो.

पडदा आणि जीवन यांतील अंतर 'संत सखू' (१९४१) या प्रभातच्या चित्रपटाच्या संदर्भात विशेष जाणवते. सासरी कोंडलेल्या सखूच्या जागी प्रत्यक्ष विठ्ठल उभा राहतो. मराठवाड्यातील एका घरात अडकून पडलेल्या हंसाबाईंच्या जागी उभे राहणारे कोणी नव्हते. संतपटाने दिलेली सुटका आत्मकथनाला देता येत नाही, आणि ते ती देण्याचा आवही आणत नाही.

या पुस्तकावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) हा त्याचा एक अन्वयार्थच आहे. स्मिता पाटील यांची उषा अखेरीस हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. बेनेगल भूतकाळाची काळाच्या रंगछटांनुसार मांडणी करतात आणि विस्कळीत आयुष्याला स्त्रीच्या आत्मशोधाचा आकार देतात. हा आकार अर्थपूर्ण आहे, पण तो दिग्दर्शकाचा आहे. मूळ निवेदनात शोध पूर्ण झाल्याचा दिलासा नाही. आहे ते केवळ सांगणे.

म्हणून या संहितेचे मोल कबुलीच्या धाडसात जितके आहे, त्याहून अधिक तिच्या अपूर्णतेत आहे. शब्दांकनकार, दिग्दर्शक आणि समीक्षक यांनी या आयुष्याला आपापले अर्थ दिले. स्वतःच्या आयुष्याचा निवाडा न करण्याचा अधिकार सांगणारीने मात्र स्वतःकडेच ठेवला. तो मान्य करणे, हीच ऐकणाऱ्यांची जबाबदारी होय.