‘आम्ही अडचणी लपवणार नाही’ : एका कराराची समीक्षा

परदेशात आल्यापासून आपण सर्वांनीच पुष्कळ करारनामे पाहिले आहेत. घरभाड्याचा, नोकरीचा, विम्याचा, झालेच तर मोटारीच्या कर्जाचा. त्यांतला बराचसा मजकूर आपण काय मागू नये हे सांगण्यासाठीच लिहिलेला असतो. सॉफ्टवेअरचे परवाने तर या प्रकारातले शिरोमणी. पानेच्या पाने वाचून (वाचतो कोण म्हणा!) शेवटी एवढेच कळते, की प्रोग्रॅम बिघडून तुमचे काहीही नुकसान झाले तरी बनवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

या रुक्ष वाङ्मयात एक करार मला फार वेगळा वाटत आला आहे. तो जेमतेम पानभराचा आहे. ‘डेबियन’ या मुक्त कार्यप्रणालीच्या स्वयंसेवकांनी तो जुलै १९९७ मध्ये संमत केला. त्यात पाच कलमे आहेत आणि त्यांतले तिसरे म्हणते : आम्ही अडचणी लपवणार नाही. आमच्याकडे आलेली प्रत्येक तक्रार कोणालाही, केव्हाही वाचता येईल. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनियर असल्याने या प्रणालीशी माझा रोजचा संबंध येतो. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या कराराचे करावे, असे बरेच दिवस मनात होते. लेखकांनी काय कबूल केले, ते कितपत पाळले आणि काय लिहायचे राहून गेले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. संगणकावर विंडोजच्या जागी जे बसवता येते त्यांपैकी डेबियन ही एक प्रणाली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉक या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. डेब्रा ही त्याची मैत्रीण. तिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने ‘डेबियन’ हे नाव केले. प्रणालीवर कोणत्याही कंपनीची मालकी नाही. जगभर विखुरलेले सुमारे हजार सदस्य आणि त्यांच्या भोवतीचे आणखी कितीतरी मदतनीस ती चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ सत्तर हजार पॅकेजे आहेत. ‘उबुंटू’ ही लोकप्रिय प्रणालीही याच पायावर उभी आहे. फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीपासून ती संगणकावर बसवताना सूचना मराठीतून वाचता येतात. तेही स्वयंसेवकांनीच केलेले काम.

आता पॅकेज म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सारे रामायण तिथेच आहे. मूळ लेखक आपला प्रोग्रॅम लिहून मोकळा होतो. तो चालायला आणखी कोणते प्रोग्रॅम लागतात, त्यांची कोणती आवृत्ती चालेल, फाइली कुठे ठेवायच्या, जुन्यावर नवा बसवताना वापरणाऱ्याने केलेले बदल कसे जपायचे, परवाना नक्की काय म्हणतो, हे सारे पाहणारा माणूस वेगळा असतो. तो पॅकेज सांभाळतो. गरज पडली तर मूळ प्रोग्रॅमला पॅच, म्हणजे सरळ मराठीत ठिगळ, लावतो. गणेशोत्सवात रंगमंचावर गाणाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत येते आणि कार्यक्रमानंतर सतरंज्या उचलणाऱ्याचे येत नाही. पॅकेज सांभाळणारा हा सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता. मरडॉकने सुरुवातीच्या आपल्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवले होते, की हे काम सोपेही नाही आणि झगमगाटाचेही नाही.

नवे पॅकेज प्रथम ‘अस्थिर’ शाखेत जाते. या शाखेचे कायमचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटात खेळणी मोडणारा जो मुलगा आहे, त्याचे. काही दिवसांत गंभीर तक्रार आली नाही तर ते ‘चाचणी’ शाखेत उतरते आणि तिथून पुढे केव्हातरी ‘स्थिर’ आवृत्तीत. हे ‘केव्हातरी’ फार महत्त्वाचे. तयार होईल तेव्हा बाहेर पडेल, हा इथला खाक्या. जुलै २००२ नंतरची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला होता.

तक्रारींची वही सर्वांसाठी उघडी आहे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक आणि गांभीर्याची पायरी मिळते. तक्रारदाराचे म्हणणे, पॅकेजवाल्याचे उत्तर, मध्येच तोंड घालणारा तिसरा, सारे तिथे कायमचे राहते. २०२१ मध्ये या क्रमांकांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला. या वहीतील चर्चा वाचणे हे एक शिक्षण आहे. पुष्कळदा ती कंटाळवाणी असते, कधी कडवट होते. संगणक सुरू होताना पहिला प्रोग्रॅम कोणता चालावा या वादात फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टिमडी’ची निवड झाली. त्यावरून इतके रण माजले, की काही जुन्याजाणत्यांनी पदे सोडली आणि एका गटाने ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. पण हे भांडणही झाकून ठेवलेले नाही. कोण काय बोलले ते आजही वाचता येते. तिसरे कलम अक्षरशः पाळले गेले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. ‘लपवणार नाही’ याचा अर्थ ‘कोणीतरी पाहील’ असा होत नाही. आपण मात्र तो तसाच घेत आलो.

याच मंडळींनी डिसेंबर १९९८ मध्ये आपली घटना संमत केली. तिच्या आरंभीच एक तत्त्व आहे : कोणावरही काम करण्याची सक्ती नाही, सोपवलेले कामही नको असेल तर करू नये, मात्र घेतलेल्या निर्णयांच्या आड येऊ नये. वाक्य प्रामाणिक आहे. कुठलीही मंडळे असल्याच पायावर चालतात, फक्त लिहून ठेवण्याचे धैर्य दाखवत नाहीत. पण करार आणि घटना शेजारी ठेवून वाचा. अडचण सर्वांना दिसेल आणि ती सोडवणे कोणावरही बंधनकारक नसेल. या दोन वाक्यांमध्ये एक पोकळी राहते, आणि त्या पोकळीत बहुधा एकच माणूस उभा असतो.

याची किंमत २००८ मध्ये कळली. इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांसाठी ‘ओपन एसएसएल’ नावाचा प्रोग्रॅम वापरतात. कुलपाची किल्ली बनवताना त्याला अंदाज न बांधता येणारे आकडे लागतात. स्मृतीतील चुका शोधणारे ‘व्हॅलग्राइंड’ हे साधन या प्रोग्रॅमबद्दल कुरकुर करत होते. २००६ मध्ये तशी तक्रार आली, तेव्हा पॅकेज सांभाळणाऱ्याने दोन ओळी बंद करण्याचे ठरवले. तसे करावे का, हे त्याने मूळ लेखकांच्या चर्चेत जाहीरपणे विचारलेही होते, आणि कोणी जोरदार हरकत घेतली नाही. दोन्ही ओळी दिसायला अगदी सारख्या. एक गेल्याने काही बिघडले नसते. दुसरी मात्र तीच होती, जिच्यातून ते बेभरवशाचे आकडे आत येत. ती गेल्यावर उरला तो चालू प्रोग्रॅमचा क्रमांक तेवढा. त्यामुळे एका जातीच्या संगणकावर, एका लांबीच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच निघू शकत. दरोडेखोराला एका दिवसात सगळ्या लावून पाहता येतील एवढ्याच!

सप्टेंबर २००६ पासून १३ मे २००८ ला सूचना जाहीर होईपर्यंत, वीस महिने, ही चूक डेबियनमध्ये आणि उबुंटूत उघड्यावर पडून होती. बदल उघडा, त्यामागची चर्चा उघडी, आणि वाचायला कोणाला मज्जाव नव्हता. पुष्कळ डोळे असले की चूक लपत नाही, असे मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते म्हणत आले. इथे डोळे पुष्कळ होते, पण प्रत्येकाची समजूत अशी, की दुसऱ्याने पाहिले असेल. शंभर पाहुण्यांच्या घरात दूध उतू जाते ते याच समजुतीने.

दुसरे प्रकरण २०२४ चे, आणि माझ्या मते अधिक काळजीचे. ‘एक्सझेड’ हा फाइली आवळून लहान करणारा साधा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. तो थकला होता, आणि प्रकृतीच्या कारणाने काम हळू होते असे त्याने २०२२ मध्ये उघडपणे सांगितले होते. त्याच सुमारास काही अपरिचित नावे उशिराबद्दल त्याला टोचू लागली आणि ‘जिया टॅन’ नावाचा कोणी मदतनीस फार चांगले काम करत पुढे आला. हळूहळू सूत्रे त्याच्या हाती गेली. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये काढलेल्या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. तो चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि डेबियनसारख्या प्रणालींसाठी पॅकेज बांधतानाच जागा होई. नवी आवृत्ती डेबियनने लवकर घ्यावी म्हणून तक्रारींच्या त्या उघड्या वहीतही अनोळखी नावाने तगादा लावला गेला.

यात पॅकेजिंगचा भाग कोणता? दूरच्या संगणकात प्रवेश देणारा ‘ओपन एसएसएच’ हा मूळ प्रोग्रॅम ‘एक्सझेड’चा वापरच करत नाही. सिस्टिमडीशी त्याचे नीट जमावे म्हणून डेबियनने आणि इतरांनी त्याला ठिगळ लावले होते. त्या ठिगळातून, मध्यस्थामार्फत, दोघांची गाठ पडली. मूळ लेखकांना कल्पनाही नसलेली वाट पॅकेज करणाऱ्यांच्या सोयीतून तयार झाली होती.

चोरी पकडली ती अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने. डेबियनच्या अस्थिर शाखेवर तो दुसरेच काहीतरी मोजत असताना प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. स्थिर आवृत्तीपर्यंत विष पोहोचले नव्हते.

या घटनेतून उघडेपणाचा विजय झाला असे बरेच जण म्हणतात. ते अर्धे खरे आहे. बंद प्रणालीत फ्रॉइंडला माग काढताच आला नसता, हे मान्य. पण त्या थकलेल्या माणसाची अडचणही तितकीच उघडी होती. त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. त्याचा प्रोग्रॅम जगातील असंख्य यंत्रांवर चालत असताना मदतीला आला तो नेमका चोर! बाकीच्यांनी अडचण वाचली असेल, हळहळही वाटली असेल.

यावर पैशाचा उपाय सुचतो. तो डेबियनमध्ये करून पाहिला गेला आहे. २००६ मध्ये आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून दोन प्रमुखांना काही काळ मानधन देण्याची योजना निघाली. ‘ते पगारी, मग आम्ही कोण?’ या भावनेने मोठा वाद झाला, काहींनी हात आखडता घेतला आणि डिसेंबरात ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये निघाली. पुढे २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षेचे काम कंपन्यांच्या पैशातून, मोबदला देऊन होऊ लागले आणि ते टिकले. फरक माझ्या मते असा : पहिल्या वेळी ज्या कामात मान होता त्याला पैसे मिळाले, दुसऱ्या वेळी जे कोणालाच नको होते त्याला. मानधनाने स्वयंसेवा बिघडते हे सरसकट खरे नाही. मानधन कशासाठी, हे पाहावे लागते.

असो. करार वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यासोबतच्या मार्गदर्शक तत्त्वांवरूनच १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ची व्याख्या तयार झाली, इतके ते लेखन रेखीव आहे. आणि तो पोथी बनलेला नाही. २००४ आणि २०२२ मध्ये मतदान घेऊन त्यात बदल केले गेले. म्हणूनच एका भरीची अपेक्षा करतो. अडचण लपवणार नाही, एवढ्यावर न थांबता ती किती खांद्यांवर आहे हेही आम्ही लपवणार नाही, असे त्यात यावे. अनेक पॅकेजे आज गट मिळून सांभाळतात; बेवारस पॅकेजांची यादीही जाहीर असते. पण अडचण बेवारस होण्याआधीची आहे. कागदावर गट आणि प्रत्यक्षात एकच माणूस, ही स्थिती यादीत दिसत नाही. तक्रारींच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षात खरोखर हात लावणाऱ्यांचा आकडा छापला, तर कुठे मदत हवी ते चोराआधी सज्जनांना कळेल. चोरालाही कळेल, हा धोका आहेच. पण त्याला ते आजही कळते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या कंपन्यांत हे सॉफ्टवेअर रात्रंदिवस राबते. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे त्यावर चालणारी शेकडो यंत्रे होती. चुका सापडत, आम्ही घरच्याघरी ठिगळ लावत असू आणि ते परत पाठवायला वरिष्ठांची परवानगी कधी मिळत नसे. यात बेकायदा काही नव्हते. करार तसे करू देतो, घटना कोणावर सक्ती करत नाही. पण डेबियनच्या त्या पानभर करारातले दुसरेच कलम, जे आपल्याला मिळाले त्याची परतफेड करू, असे सांगते. सह्या स्वयंसेवकांच्या आहेत, आपल्या नाहीत, हे खरे. फळ मात्र आपण खातो. आपली कंपनी अशी कोणती दहा पॅकेजे वापरते आणि त्यांतली किती एकेका माणसाच्या जिवावर आहेत, हे शोधायला सोमवारी कचेरीत दोन तास पुरतील.