‘खणणे’ आणि ‘खोदणे’ : नव्या करारातील काही ग्रीक क्रियापदांविषयी

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळावरून भाषांतर करण्याची खरी कसोटी ‘कृपा’, ‘तारण’, ‘आत्मा’ अशा थोर शब्दांपाशी लागते, असा आपला समज असतो. त्या शब्दांवर चर्चाही पुष्कळ झालेली आहे. परंतु भाषांतरकार अधिक वेळा अडतो तो कुदळ-फावड्याच्या शब्दांपाशी, आणि तेथे आपण अडलो आहोत हे त्याच्या ध्यानीही येत नाही. प्रस्तुत टिपणात जमीन खणण्याच्या ग्रीक क्रियापदांचा तेवढाच विचार केला आहे.

नव्या करारात अशी साधी क्रियापदे मुख्यतः दोन : ‘ओरुस्सो’ आणि ‘स्काप्तो’. पहिले तीन वेळा येते, मत्तय २१.३३ व २५.१८ आणि मार्क १२.१ येथे. दुसरेही तीनच वेळा, आणि तिन्ही वेळा लूककृत शुभवर्तमानात : ६.४८, १३.८, १६.३. एवढी वाटणी पाहून कोणीही विद्यार्थी म्हणेल की, हा केवळ लेखकांच्या शब्दरुचीचा भेद आहे, अर्थ एकच. प्रचलित मराठी शास्त्रातही बहुतेक ठिकाणी ‘खणणे’ हेच क्रियापद असल्याने या समजास बळकटी येते.

आमच्या मते हे अनुमान घाईचे आहे. द्राक्षमळ्याचा दृष्टांत लूकही सांगतो (२०.९), परंतु त्यात कुंडाचा उल्लेखच नाही. धन्याचा पैसा जमिनीत पुरणारा मत्तयाचा दास लूकमधील समांतर कथेत तो रुमालात बांधून ठेवतो (१९.२०). तेव्हा लूकने ‘ओरुस्सो’ टाळले असे नव्हे. ते वापरण्याचा प्रसंगच त्याच्याकडे उरला नाही. शिवाय त्याच धातूपासून झालेले ‘दिओरुस्सो’ त्याने १२.३९ मध्ये वापरले आहे. तीन-तीन प्रयोगांच्या गणतीवरून लेखकाची रुची ठरविणे ही आपल्या प्रबंधांतूनही आढळणारी खोड आहे.

भेदाचा खरा पुरावा यशयाच्या पाचव्या अध्यायाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात सापडतो. तेथे एकाच मळ्यासंबंधी दोन्ही क्रियापदे आली आहेत. दुसऱ्या ओवीत मळेवाला कुंड करतो, तेथे ‘ओरुस्सो’. सहाव्या ओवीत मळा यापुढे छाटला जाणार नाही, त्याची खणणी होणार नाही असे म्हटले आहे, तेथे ‘स्काप्तो’. म्हणजे पहिल्या क्रियेतून खळगा निर्माण होतो व तो राहतो. दुसरी मशागत आहे, ती दरसाल करावी लागते. मूळ हिब्रूत हा भेद याहून स्पष्ट आहे. कुंडासाठी तेथे पाषाण तासण्याचे क्रियापद आहे. ग्रीक भाषांतरकाराने ते सौम्य केले, आणि या गीताची छाया ज्यावर स्पष्ट पडली आहे त्या दृष्टांतात, मत्तय व मार्क यांच्याकडे, तोच सौम्य शब्द आला.

येथे मराठीस एक सोय आहे, ती आपण वाया घालविली. लेणे खोदतात, शिलालेख खोदतात, गडावरचे टाके खोदीव असते. कोणी शिलालेख ‘खणीत’ नाही. ‘खणणे’ म्हटले की माती आली. द्राक्षे तुडविण्याचे कुंड खडकात करीत. ते मातीत खणले तर रस जिरून जाईल. म्हणून मत्तय २१.३३ मध्ये ‘कुंड खोदले’ असेच हवे. मत्तय २५.१८ मध्ये मात्र क्रियापदाचे कर्मच ‘जमीन’ आहे. तेथे ‘खणणे’ यथायोग्य.

‘स्काप्तो’ची गोष्ट निराळी. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत किंवा फळबागांत झाडाभोवतीची माती हलवून खत घालणारा माणूस ‘मी झाडाभोवती खणले’ असे म्हणत नाही. तो आळे करतो. लूक १३.८ मधील अंजिराच्या झाडाभोवतीचे काम नेमके हेच होय. आणि १६.३ मधील कारभारी आपल्याला खणण्याची ताकद नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात एखादा खड्डा नसून मजुराची कुदळ आहे. ॲरिस्टोफनीझच्या ‘पक्षी’ या नाटकातील (ख्रि. पू. ४१४) चहाडखोरही आपल्याला खणता येत नाही अशीच सबब सांगतो. यावरून ‘स्काप्तो’ हे अंगमेहनतीचे उपलक्षण झाले होते असे दिसते. ‘कुदळ मारण्याचे बळ नाही’ असे म्हटल्यास त्या कारभाऱ्याची कुचंबणा मराठी वाचकास तत्काळ कळेल.

हा भेद सर्वत्र टिकतो असा आमचा दावा नाही. लूक ६.४८ मध्ये घराच्या पायासाठी ‘स्काप्तो’च आहे, आणि पाया हा खळगाच. परंतु तेथे लूकने त्याला खोल करण्याचे दुसरे क्रियापद जोडले आहे. श्रम आणि खोली त्याने वेगवेगळी सांगितली. मराठीत ‘खोल खणून’ असे क्रियाविशेषण केल्याने दुसरी क्रिया लोपते. मुरमाखाली कातळ लागेपर्यंत उतरणाऱ्या आपल्या विहीरखोद्यांना ती दुसरी क्रियाच अधिक महाग पडते.

उपसर्गयुक्त रूपांपैकी ‘दिओरुस्सो’स (मत्तय ६.१९) ‘घर फोडणे’ हा पर्याय उत्तम, मातीच्या भिंतीतून आरपार खणणारा चोर त्यात आहे. ‘एक्सोरुस्सो’ गलतीकरांस पत्रात (४.१५) डोळे उपटण्यासाठी येते, तर मार्क २.४ मध्ये पक्षघाती माणसास खाली सोडण्यासाठी छत मोकळे करताना. कौलारू घरांच्या वाचकास छत खणण्याची कल्पना चमत्कारिक वाटते, लूकने (५.१९) तर तेथे कौलेच घातली. इंदापूरकडील जुन्या माळवदी घरात राहिलेल्या माणसास मात्र टीप लागत नाही. लाकडावर अंथरलेली ती माती उकरूनच काढावी लागते, आणि ‘माळवद उकरून’ हे दोन शब्द मार्कच्या क्रियापदास पुरतात.