रुग्णशय्येवरील रवींद्रनाथ

दुःखातून काव्य जन्मते, हा आपल्या समीक्षेतील फार जुना आणि फार सोयीचा समज आहे. दुखणाईताच्या उशाशी बसून पाहिले म्हणजे कळते की, तेथून बहुधा कण्हणेच जन्मते. कविता व्हायची तर ती कण्हण्याशी झगडून व्हावी लागते. रवींद्रनाथांच्या अखेरच्या संग्रहांकडे आम्ही वळतो ते एवढ्यासाठी.

१९३७ च्या सप्टेंबरात ते एकाएकी बेशुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी प्रथम मागितले ते रंग आणि कुंचला. 'प्रांतिक' (१९३८) त्या अनुभवातले. १९४० च्या सप्टेंबरात कालिंपाँग येथे दुखणे पुन्हा उलटले, आणि 'रोगशय्याय' (१९४०) व 'आरोग्य' (१९४१) हे संग्रह झाले. त्यांतील सर्वच कविता सारख्या तोलाच्या आहेत असे म्हणणे भक्तांनाच साधेल. वेदना पुरती उच्चारलीही नाही तोच कवी उपनिषदांतील आनंदाकडे धाव घेतो, तेथे शब्द पोकळ वाजतात. उलट, झोपेविना रात्र काढलेल्या रुग्णाजवळ पहाटे एक साधी चिमणी येते. काव्यात मानाचे स्थान मिळालेल्या पक्ष्यांत तिची गणना नाही, आणि तिला त्याची खंतही नाही. तेथे आम्ही थबकतो. या कवितेत सांत्वन नाही, केवळ सोबत आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. हा कवी खोडून लिहिणारा. 'पूरबी'च्या हस्तलिखितात, १९२४ साली, खोडलेल्या शब्दांवर रेघा ओढता ओढता त्यांची चित्रकला आकारास आली. त्याच कवीने ३० जुलै १९४१ रोजी, शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, जोडासांको येथील घरी अखेरची कविता सांगून लिहवून घेतली. ती तपासणे काही झाले नाही. ७ ऑगस्टला ते गेले. सृष्टीने पसरलेल्या फसवणुकीच्या जाळ्यांचा त्या कवितेत उघड आरोप आहे, आणि ती फसवणूक जो सोसतो त्यालाच शांतीचा अधिकार दिला आहे. हात फिरवला असता तर हा आरोप सौम्य झाला असता काय? आम्हांस तशी शंका येते. तीनच दिवस आधीच्या कवितेत सूर्य माणसाला 'तू कोण' म्हणून पुसतो, आयुष्याच्या आरंभी आणि अखेरीसही. दोन्ही वेळा उत्तर मिळत नाही, आणि कवीही ते पुरवीत नाही.