न दिसलेला रायादितो

दक्षिण पॅसिफिकमध्ये, चिलीच्या किनाऱ्यापासून आठशे किलोमीटरच्या आसपास आत, मासाफुएरा नावाचं एक बेट आहे. नावाचा अर्थच 'आणखी लांबचं'. त्याचं भावंड मास आ तिएर्रा, म्हणजे 'जमिनीकडचं'. अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ ते १७०९ एकटा राहिला तो या जमिनीकडच्या बेटावर, आणि डॅनियल डिफोला 'रॉबिन्सन क्रूसो' सुचायला त्याची हकिकत कारण झाली असं मानतात. १९६६ साली चिली सरकारने पर्यटकांवर डोळा ठेवून दोन्ही बेटांची नावं बदलली. सेलकर्क जिथे राहिला त्या बेटाला कादंबरीतल्या माणसाचं नाव मिळालं, आणि जिथे तो कधी राहिलाच नाही, ते मासाफुएरा झालं अलेहांद्रो सेलकर्क.

जोनाथन फ्रान्झन या लांबच्या बेटावर गेला आणि त्यावर त्याने 'फार्दर अवे' हा दीर्घ लेख लिहिला. एप्रिल २०११ मध्ये तो 'न्यू यॉर्कर'मध्ये आला, पुढच्या वर्षी याच नावाच्या पुस्तकात. 'फ्रीडम' या कादंबरीच्या प्रचारदौऱ्याने तो थकला होता. एकटं राहायचं, 'क्रूसो' पुन्हा वाचायचं आणि रायादितो नावाचा पक्षी बघायचा, असा बेत होता. सामानात तंबू, जीपीएस, दुर्बीण, आणि एका काड्यापेटीत मित्राची थोडी राख. मित्र म्हणजे डेव्हिड फॉस्टर वॉलेस, 'इन्फिनिट जेस्ट'चा लेखक. १२ सप्टेंबर २००८ रोजी त्याने आत्महत्या केली. ही राख त्याच्या पत्नीने फ्रान्झनला दिली होती.

पक्षी बघणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेक मित्रमैत्रिणींनी हा लेख वाचलाय, आणि बहुतेकांना तो फार आवडतो. मलाही आवडतो, पण एका जागी माझं आणि फ्रान्झनचं जमत नाही, आणि ती जागा लेखाचा कणा आहे.

आधी पक्ष्याबद्दल. मासाफुएरा रायादितो जगात फक्त या एका बेटावर आहे. लहानसा, लांब शेपटीचा, करड्या-तपकिरी रंगाचा. उरलेत फार तर काही शे. बेटाच्या वरच्या भागात, जिथे झाडासारखे उंच वाढणारे नेचे आणि कायमचं धुकं असतं, तिथे तो राहतो. माणसाने आणलेल्या बकऱ्यांनी त्याचं रान खाल्लं, उंदीर आणि मांजरं त्याच्या मागे लागली. याच बेटावर एकेकाळी हमिंगबर्डचीही एक स्वतंत्र उपजात होती. ती आता नाही. जमिनीकडच्या बेटावरची तिची बहीण तेवढी टिकून आहे. ही हमिंगबर्ड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लेखातली चढाईची पानं उत्तम आहेत. फ्रान्झन वर रखवालदारांच्या झोपडीत मुक्काम करतो आणि तिथून रायादितोच्या शोधात निघतो. धुकं इतकं की जीपीएसवर भिस्त ठेवायची, आणि जीपीएस दिशा सांगतो, पुढे कडा आहे हे सांगत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या धारेवर अडकलेल्याला हे लगेच कळेल. वारा, ओला झाडोरा, निसरडा उतार, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. इथे फ्रान्झन उपमा वापरत नाही, फक्त पाय कुठे ठेवला ते सांगतो. कादंबरीकाराला हे सहसा जमत नाही. एका जागी त्याला कळतं की आपण जे करतोय ते वेडेपणाचं आहे, आणि तो मागे फिरतो. रायादितो दिसत नाही.

यादी करणारा पक्षीनिरीक्षक मागे फिरतो, ही साधी गोष्ट नाही. आपल्यातले किती जण ईबर्डवर आकडा वाढावा म्हणून कुठे कुठे चढतात ते आपल्याला माहीत आहे. म्हणून हा क्षण खरा वाटतो. पण फ्रान्झनला तेवढ्यावर थांबवत नाही. काही पक्षी कायमचे न दिसलेले राहणार हे स्वीकारता येणं, ही आपल्याला मिळालेली देणगी आहे आणि मेलेल्या मित्राला ती मिळाली नव्हती, असं तो लिहितो. धुक्यातून जेमतेम परतलेला माणूस, आणि पहिलं काम तुलनेचं.

ही तुलना लेखात आधीपासून सुरू असते. वॉलेसच्या शेवटच्या उन्हाळ्यात फ्रान्झन त्याच्या घरी राहतो. अंगणात हमिंगबर्ड्स येतात. फ्रान्झनची नजर त्यांच्यावरून हटत नाही, वॉलेस सिगारेट ओढत बसतो, त्याला त्यांचं काही नाही, आणि याचं फ्रान्झनला वाईट वाटतं. वॉलेस औषधांच्या गुंगीत दुपारी झोपला की हा पुढच्या सहलीसाठी इक्वेडोरचे पक्षी पाठ करतो. यातून त्याचा निष्कर्ष असा: मला पक्ष्यांच्या आनंदात स्वतःपासून पळता येतं, त्याला येत नव्हतं; त्याचं दुःख हाताबाहेरचं आणि माझं हातात मावणारं, ते यामुळे.

वाक्य सुंदर आहे, शेअर करण्याजोगं आहे, आणि मला वाटतं ते उलटं आहे. पक्षी दिसत नव्हते म्हणून वॉलेस आजारी नव्हता. आजारी होता म्हणून पक्षी दिसत नव्हते. तो अनेक वर्षं नार्डिल हे औषध घेत होता. २००७ मध्ये त्याने ते थांबवलं, आणि नंतरच्या उपचारांनी तो सावरला नाही. औषध सुटल्याची ही गोष्ट फ्रान्झनला पूर्ण माहीत आहे, तरी त्याचा कल स्वभावाच्या गोष्टीकडे जातो, कारण लेखकाला स्वभाव लिहिता येतो, औषधाचा परिणाम लिहिता येत नाही.

मी हे वाचनातून म्हणत नाही. एक अख्खा हिवाळा माझ्या खिडकीबाहेरच्या जास्वंदीवर शिंजीर यायचा. नर, जांभळा, उन्हात चमकणारा. मला त्याचं नाव माहीत होतं, आवाज माहीत होता, वेळ माहीत होती. मी बघायचे आणि काहीच व्हायचं नाही. जसं जेवण बेचव लागतं तसा पक्षी बेचव. त्या दिवसांत मला भेटणारा प्रत्येक जण सांगायचा, अगं, तुला तर पक्ष्यांची आवड आहे, जा ना कुठेतरी डोंगरात, बरं वाटेल. सांगणाऱ्यांचं प्रेम खरं होतं. पण त्या वाक्याच्या पोटात एक आरोप असतो: औषध समोर आहे, तूच घेत नाहीस. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली, काही आठवडे गेले, आणि एका सकाळी शिंजीर पुन्हा चमकला. मी डोंगरात गेले ती त्यानंतर, आधी नाही.

म्हणून 'फार्दर अवे'चं कौतुक करताना मला धास्ती वाटते. रील्समध्ये 'निसर्ग हीच थेरपी' ऐकून ऐकून वाढलेल्या आपल्या पिढीला हा लेख त्याच वाक्याची उच्चभ्रू आवृत्ती म्हणून हाती लागू शकतो.

फ्रान्झनचा राग मात्र मला खोटा वाटत नाही. मित्राने आपल्या माणसांना जास्तीत जास्त यातना होतील अशा रीतीने जीव दिला, असं तो लिहितो, आणि त्यावर पुष्कळ वाचक चिडले. विधान म्हणून ते अन्यायाचं आहेच. मरणाऱ्याच्या मनात काय होतं हे त्याला कुठून कळणार? पण मागे राहिलेल्याची संतापाची किंकाळी म्हणून ते वाक्य तिथे हवं. त्यानेच वॉलेसला संत करणाऱ्या वाचकांना थांबवायचं ठरवलं होतं. वॉलेसची अपुरी कादंबरी 'द पेल किंग' त्याच एप्रिलमध्ये आली, आणि भक्तिभाव टिपेला होता. त्या गर्दीत मित्रावर रागावायला धैर्य लागतं. राग हा शोक आहे, निदान नाही, एवढं भान मात्र लेख सोडतो.

'क्रूसो' आणि कादंबरीच्या जन्मावरची पानं वर्गातल्या नोट्ससारखी आहेत. बेटावर हंगामात राहून शेवंडं पकडणारे कोळी लेखात येतात ते काठाकाठाने. त्यांच्या होड्यांशिवाय हा एकांत शक्यच नव्हता, यावर थोडं जास्त वाचायला आवडलं असतं.

तरी मी हा लेख दरवर्षी एकदा उघडते. फोनवर, बहुधा एखाद्या लांबच्या प्रवासात. क्रूसो वगळते, धुक्यातला उतार सावकाश वाचते, काड्यापेटी उघडते तिथपर्यंत जाते. अंगणातल्या हमिंगबर्ड्सच्या परिच्छेदाशी आले की फ्रान्झनकडे न बघता समोरच्या खुर्चीत सिगारेट ओढत बसलेल्या माणसाकडे बघते.